धोकटीतील दगड आणि ‘स्वयंपूर्ण’ खेडे

पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखावरील १८१९ च्या अहवालात माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी दख्खनचे खेडे म्हणजे स्वतःत पूर्ण असे लहानसे राज्यच मानले. न्हाव्याच्या धोकटीतील एक वस्तू या मताविषयी शंका उत्पन्न करते. ती म्हणजे वस्तऱ्याला अखेरची धार देणारा दगड. (संत सेना महाराजांच्या हजामतीच्या रूपकातही आरसा व चिमटा आहे, हा दगड नाही.)

देवळा परिसर बेसाल्टचा. हा खडक कठीण खरा, परंतु त्यातील पोकळ्या बहुधा गारगोटीसारख्या खनिजांनी भरलेल्या असतात. विळा-कोयत्याला तो चालेल. वस्तऱ्याचे पाते मात्र अशा दगडावर खरवडते. त्याला अतिसूक्ष्म, एकजीव कणांचा दगड हवा. त्यावर पाणी घालून, पात्याचा कणा व धार दोन्ही टेकवून, धार पुढे ठेवीत अगदी हलक्या हाताने पाते फिरवावयाचे; नंतर चामड्यावर उलट दिशेने. असा दगड बाहेरून, बाजारातूनच येण्याचा संभव अधिक. म्हणजे बलुत्यावर जगणारा कारागीरही दूरच्या खाणीशी जोडलेला होता.

बदलत्या पात्यांचा प्रसार झाला, पुढे एड्सच्या धास्तीने प्रत्येक गिऱ्हाइकासाठी नवे अर्धे पाते आले आणि दगड अडगळीत पडला. अशा जुन्या दगडांची भूगर्भशास्त्रीय तपासणी झाल्यास त्यांच्या खाणी, आणि कदाचित व्यापाराचे मार्गही, निश्चित करता येतील.