व्याख्यानाहून परतणाऱ्या

परप्रांतातील कोणत्याही मराठी महिला मंडळाची वार्षिक कार्यक्रमपत्रिका हाती घेतली, तर तीत तीन गोष्टी हमखास सापडतात : हळदीकुंकू, पाहुण्यांचे व्याख्यान आणि सहल. कचेरीतून दमून येणारे आमच्यासारखे पुरुष या पत्रिकेकडे किंचित मिस्किलपणे पाहतात. व्याख्यानास आलेले डॉक्टर नेहमी मधुमेहावरच बोलतात, आणि सहलीत पाहिलेल्या किल्ल्यापेक्षा डब्यांतील पुऱ्यांचीच चर्चा अधिक होते, हे आमचे ठरलेले विनोद. पण व्याख्यान ऐकणे आणि त्यासाठी घराबाहेर पडणे, या दोन साध्या गोष्टी दीडशे वर्षांपूर्वी मराठी स्त्रियांना फार महाग पडत. त्यांचे मोल सभेत नव्हे, तर घरी परतल्यावर द्यावे लागे. स्त्रियांच्या संस्थांचा इतिहास लिहिणारे व्याख्यात्यांची नावे निष्ठेने नोंदवतात. श्रोत्या घरी गेल्यावर काय झाले, याची चौकशी फारशी कोणी करीत नाही.

ही चौकशी करावयाची, तर रमाबाई रानडे यांच्या आठवणींसारखे साधन नाही. 1910 साली प्रसिद्ध झालेले हे पुस्तक न्यायमूर्तींच्या चरित्रासाठी वाचले जाते. आम्हांला मात्र त्यात बदलीच्या गावचे घर आणि पुण्याचे घर यांतील अंतर अधिक बोलके वाटते. 1878 साली माधवरावांची नाशिकला बदली झाली, पुढच्या वर्षी धुळ्यास. सरकारची पुण्याच्या मंडळींवर वक्रदृष्टी होती, आणि तिचाच या बदल्यांत हात होता. पण सरकारने शिक्षा म्हणून जे केले, ते रमाबाईंच्या शिक्षणाच्या पथ्यावर पडले. पुण्याच्या वाड्यातील वडीलधाऱ्या बायकांचा पहारा तेथे नव्हता. पुस्तक उघडले म्हणून कोणी टोमणा मारीत नव्हते. चार बायकांना हळदीकुंकवास बोलवावे, मुलींच्या शाळेच्या समारंभात दोन शब्द बोलावेत, याची सवय त्यांना नाशिकलाच लागली. बदलीच्या हुकमास शिव्याशाप देण्याची आपल्या नोकरवर्गाची परंपरा जुनी आहे. तिला अपवाद असल्यास हा.

पुढे माधवराव पुण्यास परतले, आणि 1882 साली पंडिता रमाबाई तेथे आल्या. वय चोवीस, पती नुकताच वारलेला, कडेवर तान्ही मुलगी, आणि संस्कृत विद्येबद्दल कलकत्त्यात मिळालेल्या ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या. त्याच वर्षी त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. स्त्रियांनी स्त्रीचे व्याख्यान ऐकण्यासाठी नेमाने जमावे, ही कल्पनाच नवी होती. तोवरचे ऐकणे म्हणजे देवळातले कीर्तन आणि पुराण. तेथे ऐकण्याने पुण्य मिळे, येथे ऐकण्याने घरचा रोष.

हा रोष रमाबाई रानड्यांनी पुरेपूर सोसला. सभेस जाणे हेच मुळात घरातील बायकांना नापसंत. त्यातच त्यांना इंग्रजी शिकविण्यास एक इंग्रज बाई येऊ लागल्या. त्यांना शिवल्यावर स्नान झालेच पाहिजे, असा घरचा आग्रह. पुण्याच्या थंडीत ही रोजची अवेळची स्नाने होऊन त्या आजारी पडल्या. मुलींसाठी हायस्कूल निघावे म्हणून भरलेल्या सभेत त्यांनी इंग्रजीत निवेदन वाचले, तेव्हाही सभेत कौतुक आणि घरात वाग्बाण, अशीच वाटणी झाली. (ते हायस्कूल 1884 साली निघाले; हुजूरपागा ती हीच.) वडीलधाऱ्यांना उलट उत्तर द्यावयाचे नाही, हा माधवरावांचा दंडक. तो उदात्त होता हे खरे. पण तो पाळण्याचे काम ज्यांच्या वाट्यास आले त्यांची झोप किती रात्री उडाली असेल, हा विचार आमच्या मनातून जात नाही. पाहुणचाराची धास्ती पुरुषांनाही होतीच म्हणा. 1890 साली पंचहौद मिशनमध्ये घेतलेल्या चहाने रानडे आणि टिळक या दोघांनाही ग्रामण्यात ओढले होते.

आता पुण्याहून फार दूर, हुगळीच्या काठी जाऊ. सेरामपूरला टपाल खात्यातील एका मराठी नोकराचे बिऱ्हाड होते. नोकर गोपाळराव जोशी, आणि त्यांची पत्नी आनंदीबाई. कल्याण, अलिबाग, कोल्हापूर, भूज, कलकत्ता अशी त्यांची वाटचाल. टपाल खात्याच्या बदल्यांचा अनुभव असलेल्या वाचकांना ती यादी परकी वाटणार नाही. सासुरवासाचा डोळा येथे नव्हता. पण पुण्यातल्या रमाबाईंना सभेत जो सख्यांचा आधार होता, तोही नव्हता. नवऱ्याबरोबर रस्त्याने फिरावयास जाणारी ही नऊवारीतली मुलगी बंगाली लोकांच्या कुचेष्टेचा विषय झाली. आजची ‘सायंकाळची फेरी’ तिला अशी सोसावी लागे.

24 फेब्रुवारी 1883 रोजी सेरामपूर कॉलेजच्या सभागृहात या सतरा वर्षांच्या मुलीने इंग्रजीत जाहीर व्याख्यान दिले. अमेरिकेस का जाता, येथे शिकण्याची सोय नाही काय, एकट्या का जाता, जातिबहिष्कार पडला तर काय, संकट आले तर काय, आणि कोणा स्त्रीने केले नाही ते तुम्हीच का करता, अशा प्रश्नांना तिने एकामागून एक उत्तरे दिली. रस्त्यावरच्या त्या कुचेष्टेचा उल्लेखही तिने तेथेच, सर्वांसमक्ष केला. एप्रिलमध्ये ती कलकत्त्याहून जहाजाने निघाली. 11 मार्च 1886 रोजी फिलाडेल्फियात तिला वैद्यकीची पदवी मिळाली, तेव्हा समारंभाला पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. पुढील वर्षी फेब्रुवारीत, बावीस पुरी होण्यापूर्वीच, ती पुण्यात वारली.

पंडिता रमाबाई अमेरिकेत थांबल्या आणि गावोगाव व्याख्याने देत हिंडल्या. तेथील श्रोत्यांनी नुसत्या टाळ्या वाजविल्या नाहीत. 1887 साली बोस्टनला त्यांच्या कार्यासाठी संस्था निघाली, दहा वर्षांच्या मदतीचे वचन मिळाले, आणि 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदासदन उघडले. त्या समारंभाच्या अध्यक्षस्थानी काशीबाई कानिटकर होत्या.

सहलीचे स्वरूपही रमाबाई रानड्यांनीच पुढे पालटले. 1901 साली पतिनिधन झाल्यावर काही काळाने त्या संस्थांच्या कामात पूर्णपणे उतरल्या, आणि 1909 साली पुण्यात सेवासदन सुरू झाले. त्या स्वतः तुरुंगातील स्त्री-कैद्यांना भेटत. इस्पितळात फळेफुले घेऊन जात. आळंदीच्या यात्रेत तर सेवासदनाच्या स्वयंसेविका वारकरी स्त्रियांच्या मदतीस उभ्या राहत. ज्यांना एके काळी सभेस जाण्याचीही चोरी होती, त्यांच्या पिढीने काढलेल्या या सहली.

हे सर्व आपल्याला कळते ते रमाबाईंनी लिहून ठेवले म्हणून, आणि आनंदीबाईंची पत्रे व व्याख्यान कोणी जपले म्हणून. बाहेरगावच्या मंडळांचे तसे नाही. भोपाळ, जबलपूर, कलकत्ता, दिल्ली येथील सरकारी वसाहतींत किती मंडळे निघाली आणि मोडली! चिटणीसबाईंच्या यजमानांची बदली झाली की इतिवृत्ताची वही ट्रंकेत जाते, पुढच्या बदलीत ट्रंक माळ्यावर जाते, आणि निवृत्तीच्या वेळी ती वही रद्दीत निघते. त्या वह्यांत पाहुण्यांची नावे असतात, चहाचा खर्च असतो, आणि शेवटच्या पानांवर हजेरीच्या सह्या असतात : कोणी मोडीच्या वळणाने केलेली, कोणी इंग्रजीत, कोणी नुसतेच ‘सौ.’ लिहून पुढे यजमानांचे आडनाव. आमच्या वाचकांपैकी कोणाच्या घरी अशी वही असेल, तर तिची शेवटची पाने फाडू नयेत, एवढी विनंती.