जुन्या वस्तूंची खरेदी-विक्री : थोड्या पैशात धंद्याचा पहिला धडा

बारावी झालेला मुलगा किंवा मुलगी "धंदा करायचाय" म्हणाली की घरात पहिला प्रश्न येतो, पैसा कुठून आणायचा? दागिने गहाण ठेवून दुकान टाकण्याआधी दोन-तीन हजारांत धंदा शिकता येतो. वापरलेली वस्तू घ्यायची, साफ-दुरुस्त करायची आणि विकायची.

ही वाट जुनीच आहे. मुंबईत मटन स्ट्रीटवरचा चोर बाजार, तिथला शुक्रवारचा जुम्मा बाजार आणि पुण्यात मंगळवार पेठेतला बुधवार-रविवारचा जुना बाजार याच व्यवहारावर चालत आले. भांडी देऊन जुने कपडे नेणारी बोहारीणही हाच धंदा करते.

हिशोब

समजा, टेबल पंखा ३०० रुपयांना मिळाला. तो हळू फिरतो. असा दोष बऱ्याचदा कपॅसिटरचा असतो. दुरुस्तीला १०० आणि रिक्षाला ५० गेले. पंखा ७०० ला विकला, तर नफा ४०० नाही, २५० झाला. म्हणून वहीत प्रत्येक वस्तूपुढे चार आकडे लिहा : खरेदी, दुरुस्ती, वाहतूक, विक्री. नफा ठरतो तो खरेदीच्या वेळी. महाग घेतलेली वस्तू गोड बोलून खपत नाही. घरखर्चाचे पैसे यात घालू नका, आणि पहिला माल विकल्याशिवाय दुसरा भरू नका.

काय घ्यावे, काय टाळावे

सुरुवातीला सायकल, लाकडी टेबल-खुर्ची, पंखा, पुस्तके बरी. शालेय पुस्तकांना शाळा सुरू होताना मागणी असते, पण अभ्यासक्रम बदललाय का ते आधी बघा. वापरलेले हेल्मेट घेऊ नका. आतला मार बाहेरून दिसत नाही.

मोबाइल घेताना

इथे खरा धोका आहे. फोनवर *#०६# दाबल्यावर १५ अंकी आयएमईआय क्रमांक दिसतो. इंग्रजी अक्षरांत केवायएम लिहून, जागा सोडून तो क्रमांक १४४२२ वर एसएमएस करा. फोन काळ्या यादीत असेल तर स्वस्त मिळाला तरी सोडा. चोरीचा माल आहे हे माहीत असून, किंवा तसा संशय यायला कारण असूनही तो घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. शिक्षा ३ वर्षांपर्यंत होऊ शकते. म्हणून मूळ बिल मागा. बिल नसेल तर विकणाऱ्याचे नाव, पत्ता, तारीख, सही आणि ओळखपत्राची प्रत घ्या.

ऑनलाइन विकताना

पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन टाकावा लागत नाही. "पैसे पाठवतो, क्यूआर स्कॅन करून पिन टाका" असे कोणी म्हटले की व्यवहार तिथेच थांबवा.

ऐब सांगून विका

फोटोत ओरखडा दिसू द्या, दुरुस्ती काय केली ते सांगा. मालातला ऐब लपवू नये हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. धंद्यातही ते कामाचेच आहे, कारण खरे ऐकलेले गिऱ्हाईक परत येते आणि शेजाऱ्यालाही पाठवते.

सहा महिने वही नीट चालली तर उद्यम नोंदणी करावी. सरकारी संकेतस्थळावर ती मोफत होते, एजंटाला पैसे द्यायची गरज नाही. आणि धंदा जमला नाही, तरी बुडणारी रक्कम दोन-तीन हजारांचीच असेल. हिशोब, मोलभाव आणि माणूस ओळखणे मात्र मुलांच्या हाती राहील.