मृत ठरविलेला मासा

एखादी व्यक्ती हयात असती तर जिची वार्ता ज्यांना सहज कळली असती, त्यांना ती सात वर्षे कळली नाही, तर ती मृत समजावी, असे आमचा पुराव्याचा कायदा सांगतो. सिलाकँथ या माशाच्या बाबतीत शास्त्रज्ञांनी याहून पुष्कळच धीर धरला होता. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांनंतर त्याचे अवशेष सापडेनात, तेव्हा त्याचा निर्वंश झाला, असा निकाल त्यांनी देऊन टाकला.

तो निकाल फिरला १९३८ च्या नाताळाच्या तोंडावर. दक्षिण आफ्रिकेतील ईस्ट लंडन बंदरात कप्तान गूसेन यांची मासेमारी बोट लागली. तेथील वस्तुसंग्रहालयाच्या मार्जरी कोर्टनी-लॅटिमर यांना मासळीच्या ढिगाऱ्यात सुमारे पाच फूट लांबीचा, निळसर, जाड खवल्यांचा मासा दिसला. त्याचे पर मांसल देठांवर उगवलेले, जणू आखूड हातपायच! ते सत्तावन्न किलोंचे धूड ठेवून घेण्यास शवागारानेही नकार दिला आणि शीतगृहानेही. बाईंनी रेखाचित्र काढून ग्रॅहॅमस्टाऊनच्या जे. एल. बी. स्मिथ यांस पत्र धाडले. स्मिथ व्यवसायाने रसायनशास्त्राचे अध्यापक, मत्स्यशास्त्र हा त्यांचा छंद. ते सुटीवर होते. पत्र पोहोचले ३ जानेवारीस. तोवर उन्हाळ्याने आपले काम केले होते. कातडे पेंढा भरण्यासाठी राखले गेले, आतील इंद्रिये फेकली गेली. मुख्य पुरावाच नष्ट झाला म्हणावयाचा. तरीही स्मिथ यांनी मासा ओळखला आणि त्यास बाईंच्या नावावरून ‘लॅटिमेरिया’ हे नाव दिले.

दुसरा नमुना मिळविण्यास चौदा वर्षे लागली. शंभर पौंडांच्या बक्षिसाची पत्रके किनाऱ्याकिनाऱ्याने वाटल्यावर १९५२ च्या डिसेंबरात कोमोरो बेटांवर तो सापडला. पंतप्रधान मलान यांनी दिलेल्या लष्करी विमानातून स्मिथ तेथे धावले. बेटे फ्रेंचांच्या ताब्यात होती. त्यांनी पुढे परकी संशोधकांस मज्जाव केला. मालकीचा हा वाद रंगला खरा, परंतु मला त्याहून महत्त्वाची वाटते ती निराळीच गोष्ट. कोमोरोचे कोळी या माशास पिढ्यान्‌पिढ्या ‘गोंबेसा’ म्हणत आले होते. अधूनमधून तो त्यांच्या गळाला लागे. कायद्यातील शब्द पुन्हा पाहा: ‘ज्यांना सहज कळली असती’. त्या साक्षीदारांस कोणी पाचारणच केले नव्हते.

‘जिवंत जीवाश्म’ हे बिरुदही सैलच आहे. आजच्या माशाची प्रजाती जुन्या खडकांत आढळलेली नाही, आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या जनुकसंचाच्या अभ्यासात बदल मंद गतीने, पण चालूच असल्याचे दिसले.

१९९७ साली इंडोनेशियातील मनाडोच्या बाजारात असाच एक मासा हातगाडीवरून चालला होता. १९९९ मध्ये ती निराळी जात ठरली. तेथील कोळी तिला ‘राजा लाउत’, म्हणजे समुद्राचा राजा, म्हणत.