धन्याचं गुपित

बातमी कुणी दिली हे पत्रकार कोर्टातही सांगत नाही. या हट्टाचं मूळ बहुतेकजण अमेरिकी घटनेच्या पहिल्या दुरुस्तीत शोधतात. मला ते बॉस्टनच्या एका छापखान्यात दिसतं, १७२२ साली.

समुद्री चाच्यांचा पाठलाग करण्यात सरकार चालढकल करतंय, असं जेम्स फ्रँकलिनच्या ‘न्यू इंग्लंड कूरंट’ने सुचवलं आणि जेम्सची रवानगी तुरुंगात झाली. लेखकाचं नाव सांगेना म्हणून महिनाभर डांबलं असावं, असं त्याचा भाऊ बेंजामिन आत्मचरित्रात लिहितो. सोळा वर्षांचा बेंजामिन तिथेच उमेदवारी करत होता. वसाहतीच्या कौन्सिलने त्यालाही बोलावून विचारलं. त्यानं दाद दिली नाही, तरी नुसती समज देऊन सोडलं. कारणाचा तर्क त्याचाच: उमेदवार धन्याची गुपितं राखायला बांधलेला असतो.

माझी सगळी भिस्त या वाक्यावर आहे. इंग्रजी रिवाजाच्या उमेदवारीच्या करारात सेवा आणि आज्ञापालनाच्या जोडीला गुपित राखण्याची अट असेच. सुताराकडच्या पोराला तीच, छापखान्यात खिळे जुळवणाऱ्यालाही तीच. आणि छापखान्यातलं सर्वांत स्फोटक गुपित म्हणजे निनावी मजकूर कुणी आणून दिला! बेंजामिन स्वतःच टोपणनावाने लेख लिहून रात्री दाराखालून सरकवत असे. जेम्सलाही पत्ता नव्हता.

काहीजण स्रोत न सांगण्याच्या हट्टाचं मूळ सभ्य गृहस्थाच्या वचनात शोधतात. पण १७७६ साली डचेस ऑफ किंग्स्टनच्या दोन लग्नांच्या खटल्यात न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफील्डनी सांगून टाकलं, की शल्यवैद्यालाही विश्वासाने कळलेली गोष्ट कोर्टात सांगावीच लागेल. वचनाची ढाल तिथेच मोडली. तरी १८४८ मध्ये मेक्सिकोबरोबरच्या गुप्त तहाचा मसुदा छापणारा पत्रकार जॉन न्यूजंट सिनेटच्या कैदेतही गप्पच राहिला. घटनादुरुस्तीचा आधार पुढे १९५८ मध्ये स्तंभलेखिका मेरी टॉरे यांच्या वकिलांनी घेतला. त्या हरल्या, दहा दिवस तुरुंगात राहिल्या.

मधल्या काळात, १८९६ मध्ये, मेरिलँडने पत्रकाराच्या स्रोताला संरक्षण देणारा अमेरिकेतला पहिला कायदा केला. त्यातलं संरक्षण वृत्तपत्रात काम करणाऱ्याला, म्हणजे धंद्याला चिकटलेलं होतं. मला तिथे उमेदवारीचा करारच दिसतो. ही रीत छापखान्यातल्या माणसांनीच पिढ्यान्‌पिढ्या सांभाळून आणली असावी, असा माझा तर्क आहे.

आपल्याकडे प्रेस कौन्सिल कायद्याच्या कलम १५(२) नुसार स्रोत सांगायची सक्ती नाही, पण ती सवलत कौन्सिलपुढच्या कामापुरतीच. कोर्टासाठीही तरतूद करा, असं विधी आयोगाने १९८३ मध्ये सुचवलं होतं. २०२३ च्या साक्ष्य अधिनियमात वकील-अशिलाच्या आणि नवरा-बायकोच्या बोलण्याला संरक्षण आहे. पत्रकाराच्या स्रोताला नाही.