टायगर १३१ : ठोकळ्यांच्या रणगाड्यातून उलगडणारा इतिहास

१/ पोलंडमधील ‘कोबी’ ही कंपनी प्लास्टिकच्या ठोकळ्यांपासून जोडायच्या रणगाड्यांचे संच बनवते. त्यांपैकी ‘टायगर १३१’ ज्या मूळ रणगाड्यावर बेतला आहे, तो आज इंग्लंडमधील बॉव्हिंग्टनच्या संग्रहालयात चालत्या स्थितीत आहे.

२/ एप्रिल १९४३, ट्युनिशिया. ब्रिटिश तोफगोळ्याने या रणगाड्याचा टरेट अडकला. आतले पाचही सैनिक तो सोडून निघून गेले आणि जवळजवळ अखंड टायगर ब्रिटिशांच्या हाती पडला.

३/ सुमारे ५७ टन वजन, ८८ मिलिमीटरची तोफ, पुढे १०० मिलिमीटर जाडीचे पोलाद. हा भार पेलण्यासाठी चाके एकमेकांत गुंतवून बसवलेली होती.

४/ या रचनेचा तोटा प्रतिकृती जोडतानाही ध्यानात येतो. आतले चाक काढायचे, तर आधी बाहेरची काढावी लागतात. खेळण्यात हे क्षणाचे काम; रशियातील गोठलेल्या चिखलात मात्र तेच सैनिकांना जेरीस आणी.

५/ परिणामी टायगर बलाढ्य, पण महागडा आणि संख्येने अल्प ठरला. जर्मनीने सुमारे १,३५० टायगर बांधले. सोव्हिएत संघाचे टी-३४ रणगाडे ५० हजारांहून अधिक होते.

६/ संचाच्या खोक्यात एक गोष्ट येत नाही. टायगर बांधणाऱ्या हेन्शेल कंपनीत परदेशी मजूर सक्तीने राबवले जात. ज्या पोलंडमध्ये आज ही प्रतिकृती तयार होते, त्याच देशाचे सुमारे ६० लाख नागरिक त्या युद्धात मृत्युमुखी पडले. प्रतिकृती जोडून झाल्यावर हा इतिहासही अवश्य वाचावा.