तलंगांचे खाद्य आणि औषधाची चिमूट

तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोंबडी. पुणे-सातारा रस्त्यावरच्या किकवीसारख्या गावात हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. पिलू उबवणी यंत्रातून बाहेर पडल्यापासून पहिले अंडे मिळेपर्यंत साधारण १८ ते २० आठवडे जातात आणि तोवर मका, सोयापेंड, मासळीचा कूट हा सगळा खर्चच खर्च. म्हणून खाद्यात चिमूटभर काही घातले की पिले झपाट्याने वाढतात, असे सांगणाऱ्या विक्रेत्याला चहा हमखास मिळतो. ही चिमूट आली कुठून?

१९४८ साली ब-१२ जीवनसत्त्व शुद्ध रूपात मिळाले. मासळी, यकृत अशा प्राणिज खाद्यात असणारा आणि पिलांच्या वाढीला लागणारा घटक तो हाच. तो स्वस्तात मिळावा म्हणून अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत स्टोकस्टॅड आणि ज्यूक्स खटपट करीत होते. तेथील संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातल्या भीमावरमला जन्मलेले डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव. त्यांच्याच कारकिर्दीत डगर यांनी तेथे ऑरिओमायसिन हे प्रतिजैविक शोधले होते. त्याच्या निर्मितीत उरणारा चोथा पिलांना चारला, तेव्हा ती वाढली खरी, पण चोथ्यातल्या ब-१२ च्या हिशेबापेक्षा जास्त! हे जास्तीचे श्रेय चोथ्यात शिल्लक राहिलेल्या प्रतिजैविकाचे होते. १९५१ मध्ये अमेरिकेने पशुवैद्याच्या चिठ्ठीशिवाय प्रतिजैविके खाद्यात घालायला परवानगी दिली.

१९५५ साली आपल्याकडे पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये पेनिसिलिन तयार होऊ लागले. इथे जे औषध रोग्यासाठी मोलाचे होते, तसलेच तिकडे धडधाकट कोंबड्या रोज खात होत्या.

पण औषधाने वाढ का व्हावी? आमच्या मते या इतिहासातला सर्वांत सुंदर भाग इथे आहे. अगदी नव्या, स्वच्छ जागेत वाढवलेल्या पिलांवर प्रतिजैविकाचा परिणाम फारसा दिसत नाही, हे १९५०च्या दशकातच ध्यानात आले होते. १९६३ साली इंग्लंडमध्ये मारी कोट्स आणि सहकाऱ्यांनी पूर्ण निर्जंतुक पेटीत पिले वाढवली. त्यांच्या खाद्यात पेनिसिलिन घालूनही वाढीत फरक पडला नाही. म्हणजे औषध पिलाला पोसत नव्हते. आतड्यातल्या जीवाणूंमुळे पिलाच्या वाढीला बसणारी खीळ ते सैल करीत होते. शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात जरूर सांगावा. तुलनेसाठी ठेवलेला दुसरा गट नसता, तर यातले काहीच कळले नसते.

याची किंमत वेगळ्याच ठिकाणी चुकती होत होती. थोड्या मात्रेत, रोज दिलेले प्रतिजैविक सगळे जीवाणू मारीत नाही. दाद न देणारे तेवढे निवडून ठेवते. ब्रिटनच्या स्वान समितीने १९६९ मध्येच हा इशारा दिला. स्वीडनने १९८६ मध्ये, तर युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून वाढीसाठी प्रतिजैविके देणे पूर्ण थांबवले. कोलिस्टिन हे माणसासाठी अगदी शेवटी हाताशी उरणारे औषध. त्याला दाद न देण्याचा गुण एका जीवाणूकडून दुसऱ्याकडे सहज जाऊ शकतो, हे २०१५ मध्ये चीनमधील संशोधनातून उघड झाले. भारताने २०१९ मध्ये कोंबड्या व इतर खाद्यप्राण्यांसाठी त्याचा वापर बंद केला. किकवीतल्या एखाद्या तान्ह्या मुलाला उद्या ते लागले, तर लागू पडायला हवे ना?

मग तलंगांच्या आतड्याचे काय? फिनलंडमध्ये नुर्मी आणि रांताला यांनी १९७३ साली निरोगी मोठ्या कोंबड्यांच्या आतड्यातला मजकूर नुकत्याच जन्मलेल्या पिलांना पाजला. त्या पिलांत साल्मोनेला सहज ठाण मांडू शकला नाही, कारण जागा आधीच भरलेली होती. खुडूक कोंबडीच्या पंखाखालचे पिलू आईच्या विष्ठेतून, उकिरड्यातून हे जीवाणू आपसूक घेते. यंत्रात जन्मलेल्या पिलाला आई भेटतच नाही.

हितकर जीवाणू, यीस्ट, सेंद्रिय आम्ले अशी पूरके आज प्रतिजैविकांच्या जागी विकली जातात. गंमत म्हणजे, जीवाणूंच्या पूरकांना 'प्रोबायोटिक' म्हणताना जी व्याख्या सर्रास दिली जाई, ती १९८९ मध्ये करणारे रॉय फुलर हे कोट्स यांच्या त्या प्रयोगातलेच एक सहकारी. या पूरकांचा गुण कधी स्पष्ट दिसतो, कधी अजिबात नाही. जात, मात्रा आणि शेडची अवस्था यांवर ते ठरते. विक्रेत्याला म्हणूनच आधी एवढेच विचारावे, की पूरक न दिलेली पिले त्याच शेडमध्ये शेजारी ठेवून वजने घेतली होती का. आणि गादीचा भुसा ओला असेल, पाण्याची भांडी शेवाळलेली असतील, तर पुडी फोडण्याआधी ती घासून घ्यावीत.