अ यँक ॲट ऑक्सफर्ड (चित्रपट)

अ यँक ॲट ऑक्सफर्ड हा १९३८ साली प्रदर्शित झालेला इंग्रजी भाषेतील कृष्णधवल चित्रपट आहे. मेट्रो-गोल्डविन-मेयर (एमजीएम) या अमेरिकन कंपनीच्या ब्रिटिश शाखेने निर्मिलेला हा पहिला चित्रपट होय. दिग्दर्शन जॅक कॉनवे यांचे असून निर्माते मायकेल बाल्कन होते. रॉबर्ट टेलर, मॉरीन ओसलिव्हन, व्हिव्हियन ली, लायोनेल बॅरिमोर, ग्रिफिथ जोन्स व एडमंड ग्वेन यांच्या त्यात प्रमुख भूमिका आहेत. ‘यँक’ हा अमेरिकन माणसाचा काहीसा थट्टेने केलेला उल्लेख असून चित्रपटाचा सारा सूर त्या एका शब्दात आला आहे.

कथानक

ली शेरिडन हा अमेरिकेतील एका छोट्या गावचा नामांकित धावपटू. गावात वर्तमानपत्र चालविणारे त्याचे वडील डॅन मुलाच्या प्रत्येक विजयाला ठळक मथळा देतात, त्यामुळे लीला स्वतःच्या थोरवीविषयी तिळमात्र शंका उरलेली नाही. ऑक्सफर्डच्या कार्डिनल महाविद्यालयात त्याला प्रवेश मिळतो. आगगाडीतच तो पॉल बोमाँ व त्याच्या मित्रांपुढे आपल्या पराक्रमांचे पाढे वाचतो आणि ते त्याला भलत्याच स्थानकावर उतरवून त्याची फजिती करतात. महाविद्यालयात पोहोचल्यावर खोट्या स्वागत समारंभाने पुन्हा त्याचे हसे होते. संतापून परत निघालेल्या लीला थांबवितो तो त्याच्या खोलीची व्यवस्था पाहणारा वृद्ध सेवक स्कॅटर्स.

पुढे लीचे पॉलची बहीण मॉली हिच्यावर प्रेम जडते. मात्र मैदानावरील त्याची वृत्ती बदलत नाही. रिले शर्यतीत विश्रांती घेण्याचे नाकारून आणि आपल्या जागी धावणाऱ्या पॉलला ढकलून तो शर्यत जिंकतो. पण या विजयाचे कौतुक होण्याऐवजी सहाध्यायी त्यालाच शिक्षा करतात. विद्यार्थ्यांना निषिद्ध असलेल्या मद्यगृहात ली व पॉल यांची मारामारी होते आणि पळताना लीने विद्यापीठाच्या पहारेकऱ्याला मारलेल्या ठोशाचा ठपका पॉलवर येतो. यथावकाश ली नौकानयनात रमतो व महाविद्यालयाच्या नावेला अग्रस्थान मिळवून देतो. त्यानंतर पुस्तकविक्रेत्याची चंचल पत्नी एल्सा क्रॅडॉक त्याच्या खोलीत सापडते. ती वस्तुतः पॉलला शोधत आलेली असते, तरी ली पॉलचे नाव घेत नाही व निष्कासन पत्करतो. कथेचा खरा उत्कर्षबिंदू हाच. शेवटची केंब्रिजविरुद्धची शर्यत त्यामानाने अपेक्षितच वाटते. डॅन इंग्लंडला येऊन एल्साचे मन वळवितात, लीला पुन्हा प्रवेश मिळतो आणि अखेरीस ली व पॉल एकाच नावेत वल्ही मारतात.

विद्यापीठीय पार्श्वभूमी

कार्डिनल महाविद्यालय काल्पनिक आहे. तथापि कार्डिनल वुल्सी यांनी १५२५ मध्ये स्थापन केलेल्या, पुढे क्राइस्ट चर्च या नावाने प्रसिद्धीस आलेल्या संस्थेचे मूळ नाव हेच होते. खोलीची देखभाल करणाऱ्या सेवकास ऑक्सफर्डमध्ये ‘स्काऊट’ म्हणतात. शिस्तीचे काम ‘प्रॉक्टर’ या अधिकाऱ्यांकडे असे व त्यांच्या पहारेकऱ्यांना ‘बुलडॉग’ म्हणत. हे पहारेकरी दल २००३ पर्यंत अस्तित्वात होते.

चित्रपटातील ‘बम्प’ शर्यत परक्या प्रेक्षकाला सहसा कळत नाही. ऑक्सफर्डजवळची नदी अरुंद असल्याने नावा शेजारी शेजारी धावू शकत नाहीत. त्या ठराविक अंतराने एकीमागे एक उभ्या करतात आणि प्रत्येक नावेने पुढच्या नावेला गाठून स्पर्श करावयाचा असतो. स्पर्श झाला की दुसऱ्या दिवशी दोघींच्या जागांची अदलाबदल होते. अशा अनेक दिवसांच्या चढाओढीनंतर अग्रभागी राहणारी नाव ‘नदीची प्रमुख’ ठरते. येथे एका वल्हेकऱ्याच्या वैयक्तिक पराक्रमाला फारसा अर्थ नसतो. लीसारख्या एकट्याने धावणाऱ्याला नावेत बसविण्यात पटकथाकारांची खरी कल्पकता दिसते.

निर्मिती

१९२७ च्या ब्रिटिश कायद्यान्वये वितरकांना व चित्रपटगृहांना ठराविक प्रमाणात ब्रिटिश चित्रपट घेणे बंधनकारक होते. त्यामुळे अमेरिकन कंपन्या केवळ नियमपूर्तीसाठी स्वस्त, सुमार चित्रपट काढवून घेत. एमजीएमने याऐवजी हॉलिवूडचे तारे इंग्लंडला आणून खर्चिक चित्रपट काढण्याचे ठरविले. चित्रीकरण १९३७ मध्ये डेनम येथील स्टुडिओत झाले. मूळ कल्पना जॉन मंक सॉन्डर्स यांची. ते स्वतः ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला शिकलेले अमेरिकन होते. पटकथेवर अनेकांचे हात फिरले. कादंबरीकार एफ. स्कॉट फिट्झजेराल्ड यांनीही काही काळ संवादांवर काम केले, परंतु श्रेयनामावलीत त्यांचे नाव नाही. बाल्कन यांचे कंपनीशी पटले नाही. या एकाच चित्रपटानंतर ते बाहेर पडले व १९३८ मध्ये ईलिंग स्टुडिओचे प्रमुख झाले.

टेलर यांची ‘केवळ देखणा नायक’ अशी संभावना होत असे. धावणे, मारामारी व नौकानयन यांनी भरलेल्या या भूमिकेने ती प्रतिमा बदलण्यास मदत झाली. व्हिव्हियन ली यांना अलेक्झांडर कोर्डा यांच्याकडून उसने घेतले होते. एल्साची भूमिका दुय्यम असली तरी अमेरिकन प्रेक्षकांना त्यांचा परिचय करून देणारी ठरली आणि पुढच्याच वर्षी त्या ‘गॉन विथ द विंड’ मध्ये झळकल्या. त्या व ओसलिव्हन बालपणी रोहॅम्प्टनच्या कॉन्व्हेंट शाळेत एकत्र शिकल्या होत्या.

नंतरचे चित्रपट

एमजीएमच्या ब्रिटिश शाखेने यानंतर ‘द सिटाडेल’ (१९३८) व ‘गुडबाय, मिस्टर चिप्स’ (१९३९) हे चित्रपट काढले. लॉरेल व हार्डी यांच्या ‘अ चम्प ॲट ऑक्सफर्ड’ (१९४०) या विनोदी चित्रपटाचे शीर्षक याच चित्रपटाचे विडंबन आहे. १९४२ मध्ये मिकी रूनी यांना घेऊन ‘अ यँक ॲट ईटन’, तर १९८४ मध्ये रॉब लो यांची भूमिका असलेला ‘ऑक्सफर्ड ब्लूज’ हा याच कथासूत्रावरील चित्रपट निघाला.